मांडीवरचा आवाज

गुरुदास तिला पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो एका वासराच्या मागे उभा राहून कपाच्या कडेवर चमचा फिरवत होता.

वालावलच्या देवळापलीकडे, तळ्याच्या काठावर, माघातल्या कोवळ्या उन्हात. वासरू आपलं चरत होतं. हा उंच, इस्त्रीच्या शर्टातला तरुण चोरपावलांनी त्याच्या मागे जाई आणि चमचा फिरवी. आवाज असा नाजूक, की आला काय नि न आला काय! पण वासराचा कान टवकारून वळे आणि याचा चेहरा खुलून जाई. अंगणवाडीकडे निघालेली सत्यवती वाटेतच थांबली. तिला हसू आवरेना.

"वासराक चाय पाजतास काय?"

तो असा दचकला, की चमचा गवतात पडला.

"नाय... म्हंजे... कान बघतंय तेचे."

"मगे? बरे आसत?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा बरे!"

सत्यवतीचं हसू विरलं. ती मान वळवून चालू लागली. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण नेमकं कुठे बोट ठेवलं ते!

सत्यवतीला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. लहानपणी गालगुंडं झाली, ती गेली ती तो कान घेऊनच. घरच्यांखेरीज गावात हे कुणाला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी एक स्थळ अगदी जमत आलं होतं. एका मावशीच्या तोंडून कानाची गोष्ट निसटली, आणि पाहुणे चहा तसाच टाकून उठून गेले. तेव्हापासून आई, आनंदीबाई, तिला पाहुण्यांसमोर बसवायची ती उजवा कान त्यांच्याकडे करून. "लगीन होयपर्यंत तोंडातसून एक शब्द काढू नको," अशी सक्त ताकीद होती.

जिल्हा नवा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कोण कोण साहेब येत, काय काय मोजून जात. तशाच मुंबईहून एक डॉक्टरबाई आल्या. बाळ वाढतं तसतसं त्याचं ऐकणं कसं वाढतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. तळ्याकाठचं एक रिकामं घर घेऊन, खिडक्यांना गाद्या लावून त्यांनी एक खोली शांत केली. आपल्या खुशीने बाळ घेऊन येणाऱ्या आईला एसटीचं भाडं आणि वर मानधन मिळे. "पोरांचे कान बघूचे पैसे कोण देता गो? कायतरी भानगड आसतली," असं गाव आठवडाभर म्हणालं, आणि मग पोरांना काजळपावडर करून रांगेत उभं राहिलं. गुरुदास हा डॉक्टरबाईंचा मदतनीस. मालवणचाच, पण मुंबईत राहून कानांचं शास्त्र शिकलेला.

सत्यवतीची वहिनी नर्मदा आपल्या जानकीला घेऊन गेली. सोबत सत्यवती होतीच. तपासणी साधी होती. बाळाने आईच्या मांडीवर बसायचं. समोर डॉक्टरबाई बाहुली दाखवणार, मग लपवणार. त्याच क्षणी मागून, कधी डावीकडून कधी उजवीकडून, गुरुदास अगदी हलका आवाज करणार. बाळ वळतं का ते बघायचं. आईने मात्र हूं की चूं करायचं नाही, कारण आई हलली तर बाळ तिच्यामुळे वळणार. आता आपल्या पोराची परीक्षा चाललीय आणि आई गप्प बसलीय, असं आमच्या मुलखात कधी झालंय? चमचा वाजायचा अवकाश, नर्मदा म्हणे, "बाय गो, बघ गो मागे!" तिच्याआधी आलेल्या सगळ्या आयांनीही तेच केलं होतं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि जानकीला आत्याच्या मांडीवर दिलं.

बाहुली नाचली, मुठीत लपली. खोली गप्प झाली. सत्यवतीच्या डाव्या बाजूला तर नेहमीसारखं काहीच नव्हतं. आणि एकाएकी मांडीवरचं ते इवलंसं अंग थबकलं. हातापायांची वळवळ थांबली. पाठ ताठ झाली, श्वास अडला... मग मान हळूहळू डावीकडे वळली आणि तिच्या पाठोपाठ सगळं बाळच वळलं.

सत्यवतीने चोरून पाहिलं. तिच्या डाव्या खांद्यामागे गुरुदास कपाच्या कडेवर चमचा फिरवत होता. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. तरी आवाज आल्याचं तिला कळलं होतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डावीकडून तिच्यापर्यंत काहीतरी येऊन पोचलं होतं, एका बाळाच्या पाठीतून. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात हात जोडून उभं राहिल्यावर सुद्धा तिला कधी असं झालं नव्हतं.

"जरासुद्धा हलली नाहीस!" डॉक्टरबाई खूश झाल्या. "मला अशीच मांडी हवी होती."

झालं! अंगणवाडीची बाई म्हणून गावातलं प्रत्येक पोर तिला ओळखायचंच. दुपारी अंगणवाडी सुटली, की सत्यवती त्या खोलीत जाऊन बसू लागली. तिलाही मानधन ठरलं. गाव चिडवायचं, "मांडयेची नोकरी गो तुझी!" ती हसायची. खरं तर ती फुकटसुद्धा गेली असती. दर वेळी तेच घडे, आणि दर वेळी ती तशीच थक्क होई.

आणि हो, मागे चमचा घेऊन जो उभा असे, त्याच्यासाठीही ती गेली असती. हे कबूल करायला मात्र तिला जरा वेळ लागला.

"इतक्या गप्प बसतास तरी कशे तुमी?" तो दाराशी विचारी.

"तुमच्या चमच्यात दम नाय, तेका मी काय करू?"

"उद्या घंटा हाडतंय देवळातली." तो घंटा आणायची धमकी देई.

"हाडा! गुरव सोडता काय बघा."

कधी तो तिच्यासाठी काजूचं पहिलं बोंड ठेवी, कधी नुसताच बघत राही. बाहुली लपून कितीतरी वेळ झालेला असे, बाळ कंटाळून आळस देई, आणि डॉक्टरबाई ओरडत, "गुरुदास, चमचा!"

एका संध्याकाळी तो तिच्याबरोबर तळ्याच्या वाटेने निघाला. तो डावीकडे आला, ती सहज त्याच्या पलीकडे झाली. तो पुन्हा डावीकडे आला, ती पुन्हा पलीकडे. तसा तो थांबला.

"एक सांगू? रागावशात नाय मां?"

"सांगा."

"बाळ वळता, तेव्हा माका बाळाकडे बघूचा आसता. पण लक्ष... तुमच्याकडेच जाता. उजवेकडसून आवाज केलंय, की तुमचो श्वास इल्लोसो थांबता. डावेकडसून केलंय, की थांबना नाय."

सत्यवती काठावरच्या दगडावर बसली.

"कोणाक... कोणाक सांगतलास?"

"तुमी सांगी नाय तोपर्यंत कोणाकच नाय. माझ्या आवशीक सुदा नाय."

तिने मान खाली घातली. मग गालगुंडांपासून उठून गेलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळं त्याला सांगून टाकलं. आणि आजवर कुणाला न सांगितलेलंही सांगितलं.

"तुमी डावेकडे चमचो फिरवतास, तो माका ऐकाक येणा नाय. पण बाळाची पाठ ताठ होता, श्वास थांबता... आणि माका कळता, आवाज इलो. माझ्या मांडयेत येता तो. खरा सांगतंय, देव इल्यासारख्या वाटता."

गुरुदासचे डोळे भरून आले.

"इतकी वर्सां कानाचा शिकलंय," तो म्हणाला. "पण आवाज म्हंजे काय, ता आज कळला."

पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी उठली. तो घुटमळला.

"माझ्याशी... लगीन करशात?"

"कीव येता म्हणान?"

"कीव येवची आसती तर ओळखलंय त्याच दिवशी इली आसती. ओळखून महिनो झालो. महिनोभर नुसतो धीर गोळा करतंय!"

तिला हसू आलं आणि रडूही. "आवशीक घेवन येवा," ती म्हणाली. "मगे बघू."

पुढच्याच महिन्यात गुरुदासची आई, सरलाताई, मालवणहून आल्या. आनंदीबाईंनी सगळी मांडणी नेहमीसारखी केली. खुर्ची तिरकी, उजवा कान पाहुण्यांकडे. वडील काशिनाथ मास्तर हवापाण्याचं बोलत होते. चहा देताना सत्यवतीने गुरुदासकडे पाहिलं. तो घामाने भिजला होता. त्याने खरंच सांगितलं नव्हतं! दोन शब्दांत आपली वाट मोकळी करता आली असती, तरी तो शब्दाला जागून गप्प बसला होता. सत्यवती त्याच्याकडे बघतच राहिली. असा माणूस असतो? आणि आपण त्याच्या आईला फसवून त्याच्या घरात जायचं?

ती उठून उभी राहिली.

"माका डाव्या कानान ऐकाक येणा नाय," ती सरलाताईंना म्हणाली. "लहानपणी गालगुंडां झाली, तेव्हापासून."

आनंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तर जमिनीकडे बघू लागले. सरलाताईंनी कप खाली ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

"तुका म्हायत होता?"

"होता."

"आणि माका सांगूक नाय?"

"ती सांगी नाय तोपर्यंत सांगूचा नाय, असो शब्द दिल्लंय."

सरलाताईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. मग त्या सत्यवतीजवळ आल्या, तिचा हात हातात घेतला.

"गो बाय, ह्या झिलाच्या पोटात लहानपणापासून काय एक रवलेला नाय. बापाशीन लपवन हाडलेली माझी साडी ह्याणा दारातच सांगून टाकल्यान. आणि तुझी गोष्ट इतके दिवस रवली!" त्यांनी तिचा हात आणखी घट्ट धरला. "आता मी आणि काय बघू?"

आनंदीबाई उंबऱ्यावर बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. आत मोठी माणसं एकमेकांची समजूत घालत होती, तेव्हा गुरुदास हळूच पडवीत आला. सत्यवती खांबाला धरून उभी होती.

"रडतंस कित्याक गो?" पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला.

"खरा सांगलंय..." तिला धड बोलता येईना. "खरा सांगलंय, आणि कोण उठान गेला नाय."

"उठान जावक कोण इल्लो?" तो म्हणाला.

सत्यवतीने पदराने डोळे पुसले, आणि मग मात्र तिने त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.