मटणाबरोबर आंबा

"दाबायचं नाही!"

त्याचा अंगठा आंब्याला टेकायच्या आत तिची चापट त्याच्या मनगटावर बसलीसुद्धा. मंडईच्या दारातल्या त्या फळवालीला सगळे 'ठसका' म्हणायचे, आणि उगाच नाही. बाप गेल्यापासून गाळा एकटीने चालवायची आणि कुणाचं म्हणून ऐकून घ्यायची नाही.

"अहो, कडक आहे का बघत होतो..." मनगट चोळत तो उंच तरुण म्हणाला.

"कडक आंबा मी विकत नाही. आमच्याकडे पिकलेलाच मिळतो."

"पण मला कडकच हवाय. फोडी ताठ राहायला हव्यात. मटणाबरोबर वाढायच्यात."

ठसक्याने कमरेवर हात ठेवले. "मटणाबरोबर आंबा? ऊन लागलंय का तुम्हाला?"

तो हसला. गालावर काजळीचा एक फराटा होता, तो हसण्याबरोबर वाकडा झाला आणि ती चिडायचंच विसरली. समोरच्या हॉटेलात शेगडीवर मांस भाजणारा हाच, मालकाचा भाचा, हे तिला तेव्हा कळलं.

"साल्सा म्हणतात त्याला," तो म्हणाला. "आंबा, अननस, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. सगळं कच्चं, बारीक चिरलेलं, वर लिंबू. गरम मटण आणि त्याबरोबर हा गार घास... उद्या आणून देतो."

तिने खालच्या टोपलीतून, पिकायला ठेवलेले चार कडक आंबे काढून दिले. का दिले, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वाडगा आणला. आत नुसतं पाणी, आणि त्यात केविलवाण्या फोडी तरंगत होत्या.

"अगं बाई! मीठ कधी घातलंत?"

"सकाळीच. चांगलं मुरायला नको?"

ठसका पोट धरून हसली. "अहो, मुरवायचं ते मटण! फळाला मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं. ताट उचलायच्या क्षणी घालायचं, आधी नाही. तुमचा हात मटणातच वाढलाय!"

"मग तुम्हीच या ना शिकवायला," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... वेळ असेल तर."

वेळ होता. गाळा बंद झाला की ती त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन चिरायला बसे. इवल्या इवल्या, एकसारख्या फोडी पडत आणि तो बघत राही.

"मटण जळतंय," ती मान वर न करता म्हणे.

"जळू दे की."

"आणि मामा ओरडले की?"

"तुझ्याकडे बोट दाखवीन."

अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा लिंबू पिळताना तिच्या बोटाला झोंबलं, तर त्याने पटकन तिचा हात नळाखाली धरला... आणि पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.

पण मामा! भाच्याला लहानाचं मोठं केलेला माणूस, त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. भाच्याने आजवर त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि ठसक्याला रात्रंदिवस तेच खुपत होतं. माणूस लाख गोड, पण वेळ आली तर माझ्या बाजूने तोंड उघडेल का?

वेळ रविवारी दुपारी आली. जवळच्या एका कारखान्याची साठ माणसं हॉटेलात जेवायला बसली होती. साल्साचे वाडगे बाहेर निघालेले बघून मामा हात पसरून दारात आडवे आले.

"मटणाबरोबर फळं? उद्या आइस्क्रीमला फोडणी द्याल! न्या आत."

"चव न घेता नावं ठेवणारा मालक पहिल्यांदाच बघतेय," ठसका म्हणाली. साठ माणसांसमोर. मग मामांच्या हाताखालून वाकून तिने पहिला वाडगा पाहुण्यांपुढे ठेवला.

अर्ध्या तासात सगळे वाडगे चाटूनपुसून रिकामे होऊन आत आले. मामाही आत आले.

"चव आहे," ते म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. तुमच्या दोघांचं काय चाललंय, तेही मला दिसतं. करून देतो लग्न. पण आधी हिने माझी माफी मागायची. सून म्हणून येणाऱ्या पोरीने जीभ आवरलेली बरी."

ठसक्याने मामांकडे बघितलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"माफी ती मागणार नाही, मामा."

"मला उलट बोलतोस?"

"हो. पहिल्यांदाच बोलतोय, म्हणून आवाज कापतोय. ती खरं तेच बोलली. माझं प्रेम आहे तिच्यावर, आहे त्या जिभेसकट. ती इथे मान वर करून येईल, नाहीतर मीही इथे राहणार नाही."

ठसक्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कांद्यावर ढकलायचीही सोय नव्हती, कांदा केव्हाच संपला होता.

"अरे, पण मला विचारलंस का आधी?"

"विचारतोय ना... येशील?"

तिने मामांच्या देखत त्याचा काजळीने भरलेला हात घट्ट धरला. "आलेच की!"

मामा पाय आपटत निघाले. दारात थांबले, पण वळले नाहीत.

"उद्या शंभर माणसं आहेत. पुरेल का सगळं?"

"माफी सोडून सगळं पुरेल!" ठसका म्हणाली.