गुनवोर आजीचा टेबलक्लॉथ

"चेटकिणी दोनच असतात! दरवर्षी दोनच!" हेड्डानं आरशात बघत स्वतःच्या गालावर लाल रंगाचा ठिपका इतक्या रागानं उठवला की अर्धा रंग नाकावर गेला.

"असा काय कायदा आहे का?" सिक्स्टेन आपल्या आजीचा फुलाफुलांचा रुमाल हनुवटीखाली बांधत म्हणाला. "एल्ना आली तर तुझ्या गोळ्या कमी होणार आहेत का?"

"होणारच! चार वाटे होतील!"

"चार कसे? मी तर मांजर आहे," सिक्स्टेनचा आठ वर्षांचा भाऊ विले काळी शेपूट फिरवत म्हणाला. "मांजराला दोन वाटे मिळतात. म्याऊ!"

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. मोटाला गावातल्या त्या पिवळ्या विटांच्या चार इमारतींमध्ये आज पोरांनी चेटकिणीचं सोंग काढून दारोदार हिंडायचं, हातानं काढलेली चित्रं द्यायची आणि किटलीत गोळ्या घ्यायच्या. हेड्डा आणि सिक्स्टेन पाळणाघरात होते तेव्हापासून दोघंच चेटकिणी व्हायचे. पुढच्या वर्षी तेरा पूर्ण झाली की हे बंद. आणि नेमकं या शेवटच्या वर्षी सिक्स्टेननं एल्नाला बोलावून ठेवलं होतं!

एल्ना तीन आठवड्यांपूर्वी पार उत्तरेच्या किरुनाहून आली होती. तिचे बाबा, इसाक, इथे शहरातली बस चालवायचे. एल्नाला 'हो' म्हणायचं असलं की ती तोंडानं हवा आत ओढायची. 'श्शुप्!' झालं, संपलं. आठवड्याभरात सिक्स्टेनही 'श्शुप्' करायला लागला. ते ऐकलं की हेड्डाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षांत त्यानं तिचं काही उचललं नव्हतं, आणि हिचं मात्र लगेच!

दारावर टकटक झाली. एल्ना हातात तांब्याची खरीखुरी किटली घेऊन उभी होती.

"आईशप्पथ! खरी तांब्याची?" सिक्स्टेनचे डोळे चमकले.

"श्शुप्," एल्ना म्हणाली.

हेड्डानं आपली प्लॅस्टिकची किटली मागे लपवली.

पहिलं दार नेहमीप्रमाणे शेजारच्या गुनवोर आजींचं. त्यांच्याकडे घरच्या टॉफ्या मिळत. पण आज दार उघडलं तर आजींचे डोळे लाल!

"अगं बाई, चेटकिणी आल्या वाटतं," त्या नाक पुसत म्हणाल्या. "या. पण माझं आज कशात लक्ष नाही गं. माझ्या आईनं विणलेला टेबलक्लॉथ गेला! साठ वर्षं ईस्टरला तोच घालते मी. शनिवारी मुलं-नातवंडं येतायत, आणि टेबल उघडं!"

"गेला म्हणजे? कुठून?" एल्नानं विचारलं. हेड्डा विचारणारच होती, पण ही आपली पुढे!

"खाली तळघरातल्या सगळ्यांच्या धुण्याच्या खोलीतून. काल माझी धुण्याची पाळी दोन ते पाच होती. तो धुतला, जपून वाळत घातला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. एका तासाचा गजर लावला, वर आले, डोळा लागला. गजर झाल्यावर खाली जाते तो दोरी मोकळी! आणि तिथे..." आजी एल्नाकडे बघून थांबल्या. "तिथे तुझे बाबा मशीन भरत होते, बाळ. मी त्यांना काही बोलले नाही हं. टोर्स्टेनला फक्त सांगितलं."

टोर्स्टेनला सांगितलं म्हणजे आख्ख्या वस्तीला सांगितलं! टोर्स्टेन वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि सूचना लिहिणं हा त्याचा आवडता छंद होता. 'दार हळू लावा', 'सायकल सरळ लावा', 'पक्ष्यांना पाव घालू नका'. चौघं धावतच तळघरात गेली. धुण्याच्या खोलीत पाळ्यांचा फळा होता. ज्याला जी वेळ हवी, त्यानं त्या खान्यात आपल्या घराचं छोटं कुलूप अडकवायचं. फळ्याशेजारी नवीन कागद चिकटवलेला होता.

सिक्स्टेननं मोठ्यानं वाचलं. "'बुधवारी पाच ते आठ ज्यांची पाळी होती, त्यांनी दुसऱ्याची वस्तू आज दुपारी बारापर्यंत परत करावी. अन्यथा त्यांचं कुलूप काढून घेण्यात येईल. टोर्स्टेन, अध्यक्ष.' अरे, हे काय!"

"माझे बाबा चोर नाहीत!" एल्नाचा आवाज चिरकला. "ते काल कामावरून सहाला आले. तेव्हा दोरी मोकळीच होती. त्यांनी सांगितलंसुद्धा, पण इथे आम्हाला ओळखतं कोण? सकाळी म्हणाले, असंच चालणार असेल तर आपण परत किरुनाला जाऊ."

परत किरुनाला! हेड्डा मनातल्या मनात खूश झाली. जा की! खुशाल जा! मग सिक्स्टेनचं ते 'श्शुप्' बंद, तांब्याची किटली बंद, सगळं पहिल्यासारखं होईल.

"रडू नकोस," सिक्स्टेन एल्नाला म्हणाला. "हेड्डा शोधून काढेल. आमच्याकडे काहीही हरवलं ना, की हीच शोधते. हो ना गं?"

हेड्डाची नजर मशीनच्या वरच्या घड्याळावर गेली होती. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिच्या मनगटावर अकरा वाजून दहा!

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या रविवारी, दर उन्हाळ्याआधी करतात तशी, साऱ्या देशानं घड्याळं एक तास पुढे केली होती. हे मात्र तसंच राहिलं होतं! म्हणजे आजींनी चार वाजता गजर लावला तेव्हा खरे पाच वाजले होते. त्यांची पाळी संपलीच होती! गजर झाला तो सहाला, इसाक नुकतेच आले तेव्हा. पाच आणि सहाच्या मधे कोणीतरी येऊन कापड काढून नेलं. आणि तेव्हा इसाक तर रस्त्यावर बस चालवत होते!

'सांग,' तिचं मन म्हणालं. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात सिक्स्टेननं खिशातून आपला रुमाल काढून एल्नाला दिला. पहिलीत असताना हेड्डानं त्याच्यासाठी ज्यावर रंगीत दोऱ्यानं होडी भरली होती, तोच रुमाल!

हेड्डानं तोंड मिटून घेतलं. "चला," ती म्हणाली. "इथे काही नाही."

मग शोध सुरू झाला. चेटकिणींना कोणतंही दार उघडतं, त्यामुळे चौकशी सोपी होती! सिक्स्टेन आणि एल्ना जिन्याजिन्यानं विचारत सुटले. विले शेपूट सांभाळत मागे आणि सगळ्यांच्या शेवटी हेड्डा. किटली भरत चालली होती, पण तिला एकही गोळी गोड लागेना.

सायकलींच्या खोलीचं दार उघडं होतं. आत टोर्स्टेन शिडीवर चढून भिंतीला हिरवा रंग फासत होता. रंगाचे ठिपके खाली घडी करून टाकलेल्या जुन्या चादरीवर टपटप पडत होते.

"बाहेर! बाहेर!" तो ओरडला. "रंग ओला आहे! शेपूट लागेल त्या मांजराची!"

"आम्ही फक्त विचारायला..." एल्ना म्हणाली.

"बाराला खाली या. जे विचारायचं ते तुझ्या बाबांना विचारू!"

एल्ना मागे सरकली. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि किटलीत कोंबला. आता दोघांचं हसणं-खिदळणं बंद होतं. हेच तर हवं होतं ना हेड्डाला? मग तिला बरं का वाटत नव्हतं?

बाराला धुण्याच्या खोलीत सगळे जमले. गुनवोर आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. टोर्स्टेन कंबरेवर हात ठेवून उभा होता. इसाक बसवाल्याच्या निळ्या कोटातच आले.

"मी घेतलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या." त्यांनी खिशातून किल्ली काढली, फळ्यावरचं आपलं कुलूप सोडवलं आणि टोर्स्टेनपुढे धरलं. एल्ना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"घेऊ नका!" हेड्डा किंचाळली. "घड्याळ चुकलंय! घड्याळ बघा आधी!"

सगळे चमकून वर बघायला लागले. हेड्डानं एका दमात सगळं सांगून टाकलं. रविवार, एक तास, पाच, सहा, बस.

"खरंच की गं!" आजींनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ते तेव्हा इथे नव्हतेच!"

"हे घड्याळ लावायचं काम कोणाचं असतं?" सिक्स्टेननं टोर्स्टेनकडे बघत साळसूदपणे विचारलं.

टोर्स्टेन खाकरला. "मंडळाचं. म्हणजे... माझंच. कामात राहून गेलं असेल. त्याचा चोरीशी काय संबंध?"

"पाळी संपल्यावर राहिलेले कपडे कोण काढतं?" हेड्डानं विचारलं.

"मीच! नियम आहे. साडेपाचला तपासायला येतो. कालही आलो होतो. टेबलक्लॉथ-बिबलक्लॉथ काही नव्हता. एक जुनीपुराणी चादर तेवढी लोंबत होती."

"चादर?" आजी ओरडल्या. "अरे देवा! रंग विटू नये म्हणून मी तो चादरीत गुंडाळून वाळवते! त्या चादरीतच होता तो! काय केलंस चादरीचं?"

टोर्स्टेननं हळूच आपल्या बुटांकडे बघितलं. बुटांवर हिरवे ठिपके होते.

"सायकलींची खोली!" हेड्डा आणि एल्ना एकदमच ओरडल्या आणि धूम पळाल्या!

शिडी तशीच उभी होती. वरच्या पायरीवर रंगाचा डबा होता. विले मांजर सगळ्यांच्या पायांतून आत घुसला आणि थेट शिडीवर आदळला!

"डबा!" सिक्स्टेन ओरडला.

हेड्डानं झेप घेऊन डबा वरच्यावर धरला. अर्धा रंग तिच्या झग्यावर सांडला. तेवढ्यात एल्नानं खालची चादर सर्रकन ओढून घेतली. टोर्स्टेननं ती उलगडायचीही तसदी घेतली नव्हती! एल्नानं एकेक पदर सोडवला. वरचे दोन पदर हिरवेगार झाले होते. आणि आत निळ्या-पिवळ्या फुलांचा टेबलक्लॉथ होता!

"मिळाला!" विले नाचायला लागला. "मांजरानं शोधला!"

फक्त एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा डाग झिरपला होता. ओलाच होता अजून. हेड्डा अकरा वाजता बोलली असती तर हा डाग पडला नसता.

टोर्स्टेनचा चेहरा पडला. त्यानं इसाकचा हात हातात घेतला. "माफ करा. चूक माझी आहे. आता एक सूचना लिहितो. माझ्याविरुद्ध."

"आधी घड्याळ लावा!" आजी कडाडल्या आणि मग हेड्डाकडे वळल्या. "काय डोकं आहे गं पोरी तुझं! एवढी मोठी माणसं आम्ही, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! डागाचं मनावर घेऊ नकोस. त्यावर उकडलेल्या अंड्याचा पेला ठेवीन. शनिवारी तुम्ही सगळे जेवायला याच. तुम्हीसुद्धा, इसाक!"

इसाकनी हेड्डाच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे तिचं कौतुक करत होते, आणि प्रत्येक शब्दागणिक तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. शेवटी अंगणात तिनं एल्नाची बाही ओढली.

"मला अकरालाच कळलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "घड्याळाचं. मी मुद्दाम गप्प बसले. तू गेलीस तर बरं, असं वाटलं मला. तुझ्यावर जळत होते मी."

एल्नानं किटलीचा दांडा एकदा फिरवला.

"तू घड्याळाकडे बघत होतीस ते मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुला काहीतरी कळलंय, हे तेव्हाच कळलं मला. म्हटलं, बघू सांगतेस का."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"सांगितलंस ना? एक तास उशिरा, पण सांगितलंस." एल्नानं तांब्याची किटली पुढे केली. "एक बाजू तू धर. जड झालीय."

"अजून चौथी इमारत राहिलीय," हेड्डा म्हणाली. "जायचं?"

"श्शुप्."

दोघी किटली दोन्हीकडून धरून निघाल्या. मागून सिक्स्टेनचा आवाज आला. "ए! काय कुजबुजताय दोघी? मला का नाही सांगत? हेड्डा! मी बारा वर्षांपासूनचा मित्र आहे तुझा!"

हेड्डानं वळून बघितलं. तिनं तोंडानं हवा आत ओढली, जमेल तशी.

"श्शुप्!"