लाळेचे स्फटिक

भाकरी जरा जास्त चावली की गोड लागते, ती लाळेतल्या एका एन्झाइमची करामत. नांदेडच्या प्रयोगशाळेत सिंधु आणि मी, मन्मथ, त्याच एन्झाइमचे स्फटिक वाढवत होतो. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात ते टिपायचं आणि त्यावरून रेणूची घडण काढायची. काम किचकट, मी मुळातच तापट, आणि वर दोन हजार सोळाचा उन्हाळा. तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी चाललेलं, इकडे आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसत होती.

हे स्फटिक दह्यासारखे लावावे लागतात. जुना स्फटिक सुईनं चुरायचा आणि तो चुरा लाळेच्या नव्या थेंबात विरजण म्हणून सोडायचा. ज्याची लाळ, त्याचा थेंब वेगळा.

झाडलोट करणाऱ्या केवळाबाईंनी हौसेनं लाळ दिली होती. सिंधुनं त्यांचा स्फटिक चुरला आणि व्हरांड्यात केवळाबाई किंचाळल्या. जाऊन बघतो तर त्यांचं मनगट पिचून लोंबत होतं. "पडले न्हाई बाबा, धडपडले न्हाई," एवढंच त्या म्हणत राहिल्या. हाडं ठिसूळ असतील, असं म्हणून मी विषय संपवला.

मग माझी पाळी आली. माझ्या लाळेचा स्फटिक नायलॉनच्या बारीक फासात उचलताना सिंधुच्या हातून त्याचा कोपरा उडाला. त्याच क्षणी माझी करंगळी उलटी वळली, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि हाड कातडीबाहेर आलं. मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"माझ्या बाकीच्या थेंबांना हात लावशील तर याद राख!" मी बोंबललो.

"नाही लावत," ती म्हणाली. माझ्या बोटाकडे ती बराच वेळ बघत राहिली. ती घाबरली नव्हती, आणि मला तेच आवडलं नाही.

सिंधुचं माहेर उदगीरकडचं. नवा जिल्हा पाहिजे म्हणून तिकडे सारखा रस्ता रोको चालू होता. त्या गोंधळात धोंडप्पा नावाच्या बड्या बागायतदारानं बौद्धवाड्याचा टँकर आपल्या डाळिंबाकडे वळवला. सिंधुचा धाकटा भाऊ श्रीमंत टँकरपुढे आडवा झाला. धोंडप्पाच्या माणसांनी त्याला भर रस्त्यात काठ्यांनी फोडला. बापाच्या मागं सिंधुनंच त्याला शिकवलेलं, लेकरासारखं वाढवलेलं. ती गावाकडे पळाली.

परत आली ती फडक्यात गुंडाळलेला एक स्टीलचा ग्लास घेऊन.

"तक्रार दिली म्हणून धोंडप्पा समेटाला आला होता," ती म्हणाली. "मी आत चुलीपाशी होते. तुमच्या घरचं पाणी पितो, झालं गेलं मिटवा, म्हणाला. ग्लास रिकामा केला, आणि जाता जाता श्रीमंतला काय म्हणाला माहीत आहे? पुढच्या टँकरला तुझा मुडदा पाडतो."

"पोलिसांना सांग."

"सांगितलं. हसले."

ग्लासाच्या काठाची लाळ ती किती? त्यात स्फटिक धरायलाच नको होता. पण सकाळी थेंबात चार स्फटिक होते, खडीसाखरेसारखे लख्ख.

"सिंधु, सोड हे."

"त्यानं सोडलं का माझ्या भावाला? टँकर उद्या यायचाय, मन्मथ."

मी तिचा हात धरायला हवा होता. माझी करंगळी ठणकत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही धोंडप्पा मेलेला हवा होता.

तिनं पहिला चुरला. दुसरा चुरला. तिसरा तिनं सावकाश, दात खाऊन रगडला.

फोन वाजला. तिची आई, कोंडाबाई, इतकी ओरडत होती की मला लांबून ऐकू आलं.

"सिंधे! श्रीमंतला बघ गं! बसल्या जागी दोन्ही पाय मोडले लेकराचे! आता बरगड्या कडाकडा वाजून राहिल्यात!"

सिंधुनं सुई तशीच धरून विचारलं,

"माय, धोंडप्पा पाणी कसं पिला?"

"आता काय इचारतीस ते?"

"सांग!"

"वरून पिला! त्यो का व्हट लावील आपल्या ग्लासाला? श्रीमंतचा उष्टा ग्लास होता. धुवायला पानी हाय का घरात?"

सुई सिंधुच्या हातातून गळून पडली.

एक स्फटिक शिल्लक होता.

श्रीमंत आता इथे नांदेडच्या दवाखान्यात आहे. त्याचा श्वास कशावर चाललाय, डॉक्टरांना कळत नाही. सिंधु त्याला बघायला जात नाही. ती थेंबाच्या ट्रेपाशी बसून असते. या उन्हात तो थेंब सुकला तर संपलंच. पिण्याचं पाणी गाळून, शुद्ध करून ती थेंबाशेजारच्या कप्प्यात घालते. स्वतः घोटभरसुद्धा पीत नाही.

आज दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, तेव्हा मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. स्फटिकाच्या कडेला एक केसाएवढी भेग आहे. मी बघत होतो तेवढ्यात ती थोडी पुढे सरकली.

सिंधुला मी अजून उठवलेलं नाही.