ओव्हर म्हणायचं राहिलं

विम्याचे दावे तपासणं हा माझा धंदा. कुणी जळालेलं दुकान दाखवलं, की मी आधी मालकाचा चेहरा बघतो. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी ओळखपत्र मागाल. म्हणूनच त्या दुपारी मी लेकीसाठी रंगपेटी आणली, माझ्या कायमच्या वाकड्या डाव्या हाताने पुढे केली, आणि ती न बघताच ‘ठेवा तिथे’ म्हणाली, तेव्हा मनात पाल चुकचुकली.

आठ वर्षांची पोर. परवापरवापर्यंत भिंती रंगवायची, उशांची आगगाडी करायची. आता नुसती गणितं सोडवत बसायची, पाठ ताठ, हनुवटी वर. शाळेतल्या बाई खूश, बायकोही खूश. मला मात्र कुणीतरी पोर बदलून ठेवल्यासारखं वाटत होतं. शिकवणीवाल्यांवर संशय घेऊन झाला, शेजाऱ्यांवर झाला. हाती काही लागलं नाही.

शेवटी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, तू हल्ली खेळत का नाहीस?

“खेळतेय की,” ती ओठ फारसे न हलवता म्हणाली. “तुम्ही स्टॅच्यू म्हणालात तेव्हा मी गणित सोडवत होते. मग तुमचा फोन आला...”

ऑफिसचा फोन होता. ओव्हर म्हणून तिला सोडवायचं राहूनच गेलं होतं. मला हसू आलं.

“ओव्हर,” मी म्हणालो.

ती हलली नाही. माझ्या डाव्या कोपराकडे बघत राहिली.

“तुमचं चालत नाही, बाबा. तुम्हीच अजून सुटला नाहीत...”

तो हात लहानपणी एका सुट्टीत आखडला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. त्या सुट्टीत मी ताईबरोबर स्टॅच्यू खेळत होतो. मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. म्हटलं, वेड्यात काढ हवं तर, पण एकदा ओव्हर म्हण. ती हसली नाही. तिची कायमची एका खांद्याकडे कललेली मान माझ्या डोळ्यांपुढे आली.

“म्हटलं असतं रे,” ती हळूच म्हणाली. “पण आधी मला बाबांनी सोडवायला हवं होतं...”

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी घाबरलो, खरंच घाबरलो.

तेवढ्यात वरून लेकीचा आवाज आला, “स्टॅच्यू!” आणि एक चेंडू पायऱ्या उतरत आला. मी धावत वर गेलो. शेजारची चिमुरडी आमच्या उंबऱ्यावर एका पायावर उभी होती. हात चेंडू धरल्यासारखे पुढे, पापणीही लवत नव्हती. आत माझी लेक गणित सोडवत होती.

शेजारच्या दारातून त्या चिमुरडीच्या आईची हाक आली, “चल गं, पुरे झालं आता खेळणं.”