डाव्या सीटचं मत

गाडी रोलरवर ताशी ऐंशीच्या वेगाने धावत होती आणि जागची इंचभर सरकत नव्हती. रेहाना तांबोळीने डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला होता. त्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता.

“आणि हिला म्हणे कापरं भरतं,” ती म्हणाली.

वाळूजच्या त्या मोटार कारखान्यातली कंपन-प्रयोगशाळा रेहानाच्या ताब्यात होती. शेजारी उभा असलेला सुदाम काळवणे हा गाडीच्या मेंदूचा माणूस. विजेच्या मोटरने चाकांना कुठल्या क्षणी किती जोर द्यायचा, हे ठरवणारी आज्ञावली त्याने लिहिलेली. दोघंही आपापल्या कामात पक्के, आणि त्या सकाळी दोघंही सपशेल हरलेले.

अंबाजोगाईची ही नवी गाडी तिसऱ्यांदा दारात आली होती. तक्रार एकच. चाळिशीच्या पुढे वेग घेताना थरथरते. पहिल्या खेपेला चाकं तोलून दिली. दुसऱ्या खेपेला शाफ्ट आणि मोटरखालची रबरं बदलली. या खेपेला तर मोटरच नवी बसवली. पण मुळात दर वेळी इथे आल्यावर गाडी सासरी पाहुणी आल्यासारखी गुणाने वागायची.

“‘निरीक्षण आढळले नाही’ असं लिहा आणि द्या पाठवून,” दारातून मुळे म्हणाले.

मुळे हे ग्राहक-समाधान प्रमुख. ग्राहक सोडून बाकी सगळ्यांचं समाधान त्यांना करता येत असे. कंपनीत ‘दोष’ हा शब्द वापरायला बंदी होती. ‘निरीक्षण’ म्हणायचं. म्हणजे गाडीचं चाक निखळून शेतात गेलं तरी ते निरीक्षणच.

“चाचणीच्या वेळी गाडीत कोण होतं?” रेहानाने विचारलं.

“आपला चालक. एकटा. नियमच आहे तसा.”

नियम असा, की चाचणीच्या गाडीत ग्राहकाने बसायचं नाही. ज्यांची गाडी, ज्यांची हाडं खिळखिळी झाली, त्यांना काचेच्या खोलीत मासे बघायला बसवायचं, आणि गाडी अशा माणसाच्या हाती द्यायची, ज्याला ती कधीच थरथरलेली माहीत नाही. मग म्हणायचं, काही सापडलं नाही. सापडेल कसं? डॉक्टरने पेशंटला बाहेर बसवून त्याचा सदरा तपासावा, तशातली गत.

रेहाना काचेच्या खोलीत गेली. पांढऱ्या झुपकेदार मिशांचे अंगदराव ढाकणे आणि त्यांच्या पत्नी कांचनकाकू तिथे बसले होते.

“चला,” ती म्हणाली. “तुमच्याच गाडीतून चक्कर मारू.”

“नियम नाही म्हणाले मघाशी साहेब,” अंगदराव म्हणाले.

“मी कुठे विचारतेय त्यांना?”

अंगदराव मिशीत हसले. आयुष्यभर त्यांनी अंबाजोगाईत मोटार शिकवण्याची शाळा चालवली होती. तहसीलदारापासून तरकारीवाल्यापर्यंत सगळ्या गावाचे पाय त्यांनी क्लचवर ठेवून दिले होते.

“आणि काकूंना नाही शिकवलं?”

“मला?” कांचनकाकू मागच्या सीटवर पिशव्या सरकवत म्हणाल्या. “एकदा बसवलं होतं. गिअर टाकायच्या आधीच इतके ओरडले, की मी उतरून चालत घरी गेले.”

“ओरडलो नव्हतो. सूचना दिली होती.”

“ती सूचना परळीपर्यंत ऐकू गेली असंल.”

गंगापूरच्या रस्त्याला गाडी लागली. अंगदराव चालवत होते, रेहाना त्यांच्या डावीकडे बसली होती. रस्ता मोकळा होता. चाळीस, साठ, सत्तर झाले. थरथर नाही.

“काका, तुमची नेमकी तक्रार काय आहे?”

“माझी काहीच नाही. गाडी घेऊन दिली पोरानं, तक्रारही त्याचीच. हैदराबादहून आला की मागं बसतो आणि म्हणतो, बाबा, गाडी हलायली. मला तर बरी वाटती.”

‘बरी वाटती’ हे रेहानाने ऐकलं आणि सोडून दिलं. पोरगा बसतो तसं मागे बसून बघावं म्हणून तिने गाडी थांबवायला लावली आणि कांचनकाकूंना पुढे बसवून स्वतः मागे गेली. अंगदरावांनी वेग घेतला. चाळिशी ओलांडली, आणि गाडीच्या अंगातून शहारा गेला. सुकाणू, दार, सीट, सगळं थडथडलं. डाव्या कडेने एक सायकलवाला चालला होता. अंगदरावांनी पाय सैल सोडला, गाडी शांत झाली, सायकल मागे पडली. त्यांनी पुन्हा वेग घेतला तेव्हा काहीच नाही. पुढे डावीकडच्या शेतातून शेळ्या रस्त्यावर येऊ लागल्या आणि पुन्हा तेच कापरं.

रेहाना सीटांच्या मधून वाकून खाली बघत होती. कांचनकाकूंची चप्पल पायापुढच्या चटईवर घट्ट दाबलेली होती. तिथे ब्रेक नव्हता. नुसती चटई होती.

परतल्यावर सुदामने आलेख पडद्यावर लावला आणि कपाळाला हात मारून घेतला.

“ही माझीच करणी,” तो म्हणाला. “सांगतो. या नव्या गाडीत प्रत्येक सीटखाली आसन-संवेदक आहेत. माणसाचे स्नायू किती ताठलेत, श्वास अडकलाय का, ते गाडीला कळतं. कुणी ताठलं की आमचा स्वास्थ्य-नियामक मोटरचा जोर थोडा कमी करतो. माणूस सैलावलं की जोर परत देतो. सगळ्यांना बरं वाटावं, एवढंच त्याचं काम.”

“मग थरथर कुठून येते?” मुळेंनी विचारलं.

“काकांचा पाय म्हणतो, पळ. काकूंचं अंग म्हणतं, थांब. गाडी काकूंचं ऐकून जोर काढते. काकू सैलावतात. गाडी जोर देते. काकू पुन्हा ताठतात. प्रत्येक वेळी गाडी किंचित उशिरा पोचते. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं कशी एकाच बाजूला सरकतात, मग दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा? तसं. एका सेकंदात चार-पाचदा.”



“म्हणजे,” कांचनकाकू सावकाश म्हणाल्या, “ह्यांचं आणि माझं भांडण गाडी लढायली?”

“अगदी तसंच.”

“मग दोष कुणाचा निघाला?” अंगदरावांनी विचारलं.

“निरीक्षण,” मुळेंनी दुरुस्त केलं. ते खूश होते. मोटर नाही, शाफ्ट नाही, म्हणजे भरपाई नाही. “उपाय सोपा आहे. काळवणे, डाव्या सीटचं मत शून्य करा. आधी या गाडीत, मग सगळ्याच गाड्यांत.”

“शून्य का?” रेहाना म्हणाली. “उशीर कमी करता येईल. मतं तोलता येतील.”

“चालवतो त्याला कळतं, मॅडम. शेजारी बसणाऱ्याचं काय एवढं?”

रेहाना चिडली. शेजारी बसणारीचं, असं म्हणायचं होतं त्यांना; जीभ जरा जपून वळवली एवढंच. घरात शून्य, बँकेत शून्य, आणि आता गाडीनेही तिचं ऐकू नये म्हणून पगारी माणसं बसवलेली. पण आधी करून बघू, असं ठरलं. सुदामने आकडा बदलला.

अंगदराव आणि कांचनकाकू गाडी घेऊन कारखान्याच्या धावपट्टीवर गेले. पट्टी मोकळी होती, डाव्या कडेला नुसते नारिंगी शंकू मांडलेले. गाडी लोण्यासारखी धावली. अर्ध्या फेरीत ती थांबली. अंगदराव उतरले आणि तिथेच उभे राहिले.

“जशी होती तशी करून द्या,” ते म्हणाले. “मुकी केलीत तुम्ही हिला.”

“काका, थरथर गेली की. तेच तर हवं होतं!” सुदाम म्हणाला.

“पोराला हवं होतं. मला विचारलं का कुणी?”

मुळेंनी घड्याळात पाहिलं. रेहानाने मात्र डाव्या बाजूचा पत्रा पाहिला. तीन शंकू आडवे पडले होते, आणि दारावर नारिंगी ओरखडा उमटला होता. मघाचा सायकलवाला तिला आठवला.

ती आत आली. गाडी प्रत्येक फेरीत पुढच्या रस्त्याचं चित्रण साठवून ठेवते. हे ग्राहकाला कुणी सांगत नाही, ते सोडा. तिने ते चित्रण कांचनकाकूंच्या ताठण्याच्या आलेखाशेजारी लावलं. उजवीकडून ट्रक अंगावर आल्यासारखा गेला, तेव्हा काकू निवांत होत्या. समोर म्हैस आडवी आली, तरी निवांत. डावीकडून मात्र पोर निघालं, मोटारसायकल निघाली, खांब आला, की आलेख उभा राही. दर वेळी तसंच. आणि अंगदरावांचा पाय सैल पडायचा तो नेहमी थरथरीनंतर, तिच्या आधी एकदाही नाही.

तिने काकूंना बाजूला घेतलं. “काकू, काकांना डावीकडचं दिसत नाही. कधीपासून?”

कांचनकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“दोन उन्हाळे झाले. जेवताना एकदा चिडले, लोणचं का नाही वाढलं म्हणून. लोणचं होतं ताटात. मीठ, चटणी, कोशिंबीर, सगळं डावीकडं, जसं वाढतात तसं. ह्यांना दिसलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी चटणी-लोणचं उजवीकडं, भाजीशेजारी वाढायला लागले. पाहुण्यांत हसतात बायका, ढाकणेबाईला ताट वाढता येत नाही म्हणून. हसू द्या.”

“डॉक्टर?”

“आत नस बंद झाली म्हणाले, डोळ्यांत काही नाही, डोक्यात आहे. गाडी चालवू नका म्हणाले. घरी येऊन हे दोन दिवस जेवले नाहीत. मग मी म्हटलं, मी बसते शेजारी. तेव्हापासून बसते. जीव मुठीत धरून बसते, बाई.”

अंगदराव मागे येऊन उभे होते. ऐकून झालं होतं त्यांचं.

“काका,” रेहाना म्हणाली. तिला गोड बोलता येत नसे. “तुम्ही माणूस मारणार आहात. आज नाही तर उद्या. काकूंसकट.”

“थरथरली की पाय सोडायचा,” ते हट्टाने म्हणाले. “डोळा तिचा, पाय माझा. आजवर ओरखडा नव्हता गाडीला.”

“गाडी काही त्यासाठी बनवलेली नाही. काकूंना एकदा डुलकी लागली तर?”

अंगदराव खुर्चीत बसले. खाली बघत म्हणाले, “रस्त्याचं राहू द्या. एक सांगतो. समोर नजर ठेवून गाडी चालवताना डावीकडचं सगळं पुसलं जातं. खिडकी नसती, सीट नसती. ही पण नसती. बोलली नाही तर शेजारी कुणी आहे का नाही, मला कळत नाही. चाळीस वर्षं सोबतीला असलेली बायको, आणि बाजूला नुसतं काहीच नाही. अंधारबिंधार नव्हे, काहीच नाही. मग गाडी थरथरायची. म्हटलं, आहे.”

सुदाम तोंड फिरवून पडद्यावर उगाच काहीतरी बघत बसला.

अंगदरावांनी खिशातून किल्ली काढली. डावा हात पुढे करून चाचपडत काकूंचा हात शोधला आणि त्यात ती ठेवली.

“आता घरी कसं जायचं?” काकूंनी विचारलं.

“एसटीनं. तू खिडकीशी बस.”

डाव्या सीटचं मत शून्य करण्याचा तो फतवा नंतर मागे घेतला गेला. लाजेने नाही, वकिलाच्या भीतीने. जिला धोका आधी दिसतो तिची सीट कंपनीने मुद्दाम बंद केली, हे न्यायालयात फार वाईट ऐकू येईल, असं वकिलाने सांगितलं. बायकोचं मत शेवटी असं वाचलं.

दिवाळीनंतर ती गाडी वर्षाच्या तपासणीला आली. चालवत कांचनकाकू होत्या.

“शिकवलं कुणी?” रेहानाने विचारलं.

“दुसऱ्या शाळेनं. ह्यांनी फक्त बोलणी दिली.”

सुदामने रेहानाला बाजूला ओढलं. “पैज. हरलीस तर नान-खलियाचं जेवण तुझ्याकडून. जन्मभर शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबलेला माणूस. आता ब्रेक नाही, आणि सुकाणू बायकोच्या हातात. आज गाडीचे नटबोल्ट सुटून येतील बघ.”

रेहानालाही तसंच वाटत होतं. तरी पैज लावून ती मागच्या सीटवर बसली. मांडीवरच्या पडद्यावर डाव्या सीटचा आलेख चालू केला. सगळ्या सीटांना त्यांची मतं परत दिलेली होती. भांडायला पूर्ण मुभा होती.

काकूंनी वेग घेतला. तीस, चाळीस, पन्नास. गाडी शांत. डावीकडून रिक्षा घुसली. काकूंनी करकचून ब्रेक मारला. रेहानाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. डाव्या सीटची रेघ सरळ. उजवीकडून टँकर भोंगा वाजवत घासून गेला. तो तर अंगदरावांच्या दिसणाऱ्या बाजूला होता. रेघ तरी सरळ. झोपलेल्या माणसाची असावी तशी.

रेहानाला वाटलं, संवेदक बिघडला. तिने मान वर केली.

अंगदराव जागे होते. रस्त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मान किंचित वळवून ते उजवीकडे पाहत होते, जिकडचं त्यांना अजून सगळं दिसत होतं.

“अहो, समोर बघा की जरा,” कांचनकाकू सुकाणू घट्ट धरून करवादल्या. “चुकले तर सांगणार कोण मला?”

“तू बघायलीस ना समोर,” अंगदराव म्हणाले. “मग झालं.”