कोच हॅल्व्हर्सनची मुलगी

"अरे, त्या म्हाताऱ्याला घरी पाठवा रे कुणीतरी!"

मैदानाच्या पायऱ्यांवर शेजारी बसलेला माणूस एवढ्या जोरात ओरडला की त्याच्या हातातल्या सॉसेजच्या पावातून पिवळाधमक मस्टर्ड उडाला आणि थेट थियाच्या गुडघ्यावर पडला.

"अरे देवा... सॉरी, सॉरी!" तो रुमाल काढून वाकला. मग परक्या मुलीच्या गुडघ्याला हात कसा लावायचा, या विचाराने तसाच अवघडून थांबला. "तुम्हीच पुसा. धुतलेला आहे. म्हणजे – सोमवारी धुतलेला."

"आज शनिवार आहे," थिया म्हणाली.

"हो, पण आठवडाभर वापरला नाही. मी फक्त शनिवारीच रडतो. इथे, याच पायरीवर."

हसायचं नाही असं ठरवूनही थियाला हसू आलं. आणि वॉलरिज कॉलेजच्या मैदानावर त्या दिवशी हसणारी ती एकटीच होती. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या लहानशा गावाचा संघ या मोसमात एकही सामना जिंकला नव्हता.

त्याचं नाव गस विंकलर. वडिलांच्या मागे आई आणि धाकट्या बहिणीसाठी बी-बियाण्यांचं दुकान तोच चालवायचा. अंगात बूस्टर क्लबचं तांबडं जाकीट. बूस्टर क्लब म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची वेडी अशी गावातली मंडळी. पोरांचे बूट, बसचा प्रवास, सामन्याआधीचं जेवण, सगळं हे लोक सॉसेज भाजून, विकून उभं करत. आणि त्या बदल्यात ओरडण्याचा हक्क आपलाच, असं धरून चालत.

"एवढं काय चुकलं त्या म्हाताऱ्याचं?" गुडघा पुसत थियाने विचारलं.

"काय चुकलं? अहो, दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. चौथी आली की शेंबडं पोरसुद्धा बॉल लांब लाथाडून मोकळं होतं. आणि आपले कोच? पळा म्हणतात! जशी काही अजून एक संधी खिशात आहे. त्यांच्यापेक्षा माझी आजी परवडली."

सामना संपला, संघ हरला, लोक पाय ओढत उठले. तेवढ्यात कठड्यापाशी कोच रॉय हॅल्व्हर्सन आले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, टोपीवरून पावसाचं पाणी निथळत असलेले.

"थिया, चल बाळा. गाडी कुठे लावलीय गं आपण?"

गसचा चेहरा एकदम उतरला. "ते... तुमचे..."

"वडील," थिया उठत म्हणाली. "रुमाल धुऊन देईन. सोमवारी."

पुढच्या शनिवारी तो कठड्यापाशी दोन पाव घेऊन उभा होता. बारीक थंड पाऊस पडत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

"हा माफीचा," त्याने एक पुढे केला.

"आणि दुसरा?"

"माझा. पण माफी पुरली नाही तर तोही घ्या."

तिने दोन्ही घेतले. तो बघतच राहिला. मग तिने एकाचा अर्धा तुकडा तोडून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "अर्धं माफ. बाकीचं तू ओरडायचा थांबलास की."

तो खरंच थांबला. क्लबातल्या मिसेस कॉफमन चिमटा हातात घेऊन ओरडायच्या, "गस! इकडे सॉसेज जळून कोळसा झालं आणि तू कुठे बघतोयस?" तो दचकायचा, थिया मान फिरवायची... पण फिरवलेल्या मानेतही तिला कळायचं, तो अजून आपल्याकडेच बघतोय. थंडी वाढली तसं त्याने घरून एक जाडं घोंगडं आणलं. पहिल्या दिवशी ते दोघांच्या मध्ये घडी करून ठेवलेलं होतं. मग दोघांच्या गुडघ्यांवर आलं. मग एके दिवशी घोंगड्याखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघंही मैदानाकडे अगदी लक्ष देऊन बघत राहिली.

"तू लहानपणापासून आजोळी मिनिआपोलिसला वाढलीस, मग ते सोडून इकडे का आलीस?" त्याने विचारलं.

"आई गेली ना, गेल्या हिवाळ्यात. डॅड एकटे पडले. शाळेत गाणं शिकवायचे मी... पोरं काय, दुसरं कुणीही शिकवेल."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. सगळं खरं गसने आपलं आपणच ओळखलं. कोच दर थोड्या वेळाने मागे वळून पायऱ्यांकडे बघायचे, आणि प्रत्येक वेळी थियाचा हात घोंगड्यातून निसटून वर जायचा. एक बोट. दोन बोटं. तीन.

"थिया..." एके शनिवारी तो हळूच म्हणाला, "तू त्यांना कितवी संधी आहे ते सांगतेस ना?"

तिचा हात हवेतच राहिला. मग खाली आला, आणि घोंगड्याखाली न जाता तिच्या कोटाच्या खिशात गेला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आई होती तेव्हापासूनच. ती झाकायची, आता मी झाकते. आठवण येते, जाते. डॉक्टर म्हणतात, जाणार... पुढे जास्तच जाणार." ती भराभर बोलत होती, थांबली तर रडू येईल अशी. "एवढा मोसम पार पडू दे, गस. तीस वर्षांचा संसार आहे त्यांचा या मैदानाशी. कुणाला सांगू नकोस. शप्पथ घे."

त्याने शपथ घेतली. त्या क्षणी तिने काहीही मागितलं असतं तरी त्याने दिलं असतं.

आणि मग ओटिस नावाच्या पोराच्या डोक्याला मार बसला. मोठा नव्हता, पण संघाच्या डॉक्टरने त्याला बाकावर बसवून कोचना बजावलं, आज याला पुन्हा आत सोडायचं नाही. कोचनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी त्याच ओटिसच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बसलास काय असा? जा, पळ!" पोरगं आज्ञाधारक. हेल्मेट घालून निघालंसुद्धा. मदतनीस कोच धावत गेला आणि त्याला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणून वाचला.

पायऱ्यांवरच्या कुणालाही काही कळलं नाही. दोघांना सोडून.

सामन्यानंतर गाड्यांच्या रांगेत गस म्हणाला, "थिया, आता सांगायला हवं."

"तू शपथ घेतलीयस."

"त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं तर? आणि उद्या शुद्धीत असताना तुझ्या वडिलांना ते कळलं तर? ते जगू शकतील?"

"तूही त्यांच्यातलाच निघालास," ती पांढरीफटक पडून म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला घरी पाठवा! तेच ना? फक्त आता हळू आवाजात म्हणतोयस."

त्याला लागलं. ते तिला दिसलं, आणि तरीही तिने गाडीचं दार आपटलं.

त्या आठवड्यात चर्चच्या तळघरात क्लबची सभा भरली. अध्यक्ष मर्ल स्टाउट ट्रॅक्टर विकायचा आणि बोलायचाही ट्रॅक्टरसारखाच. "नवा कोच आणा, असं क्लबने कॉलेजला सांगायचं," त्याने टेबलावर हात आपटला. "म्हातारा हट्टी झालाय, गर्विष्ठ झालाय, कुणाचं ऐकत नाही. गस, तू दर शनिवारी कठड्यापाशी असतोस. तूच सांग ना!"

गस उभा राहिला. सभेची कुणकुण लागून थिया मागच्या दारात येऊन उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. "मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? जीभ विकलीस की काय त्या पोरीला?"

लोक हसले. गस मान खाली घालून बसला. सगळं माहीत असून, सगळं पटत असून, तो मुकाट्याने बसून राहिला. आणि थियाला वाटलं, याच्यावर एवढं ओझं टाकायचा आपल्याला काय अधिकार होता?

ती पुढे आली.

"माझे वडील हट्टी नाहीत," ती म्हणाली. "त्यांना आठवत नाही. कितवी संधी आहे ते आठवत नाही. गाडी कुठे लावली, ते आठवत नाही. परवा आईच्या नावाने हाका मारत घरभर फिरले. मी लपवलं. ओटिसला जे झालं असतं, ते माझ्यामुळे झालं असतं."

मर्लने डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवायची हे न कळल्यासारखा हातात फिरवत राहिला. मिसेस कॉफमन उठल्या आणि काही न बोलता थियाला कुशीत घेतलं.

शेवटचा सामना मदतनीस कोचने चालवला. रॉय हॅल्व्हर्सन बाकावर पोरांच्या मधोमध बसले होते, ओटिस त्यांच्या शेजारी. बर्फमिश्रित पाऊस कोसळत होता. संघ तोही सामना हरला, पण पायऱ्यांवरचं एकही तांबडं जाकीट जागचं हललं नाही. संपल्यावर सगळे रांगेने कोचचा हात हातात घ्यायला गेले. मर्लची पाळी आली तेव्हा कोचचा चेहरा उजळला. "अरे, हँक! किती वर्षांनी!"

हँक म्हणजे मर्लचा बाप. जाऊन जमाना झाला होता.

"हो, कोच," मर्ल म्हणाला. "मीच. म्हटलं, भेटून यावं."

घर कॉलेजचं होतं, ते सोडायचं होतं. शेजारच्या राज्यात, डुलुथला थियाची आत्या होती, तिथे मोठं इस्पितळही होतं. निघायच्या सकाळी गसने सगळं सामान गाडीत भरलं. शेवटची खुर्ची दोरीने बांधताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी येतो ना तिकडे. दुकान विकतो."

"तुझी आई? तुझ्या बहिणीचं शिक्षण? नाही, गस. मला पुढे काय काय बघायचंय, ते तुला माहीत नाही. मी रडेन, चिडेन, तुझ्यावर ओरडेन. आणि एक दिवस तुला दुकान आठवेल."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. दोरीची गाठ अजून हातातच होती.

थियाने त्याच्या ओल्या गालाला हात लावला. तोंडून एक शब्द जरी बाहेर पडला असता तरी तिचा पाय गाडीत गेला नसता. ती डॅडच्या शेजारी बसली, दार लावलं आणि निघाली. आरशात तांबडं जाकीट बराच वेळ दिसत राहिलं.

गाव मागे पडलं. कापलेल्या मक्याची शेतं सुरू झाली.

"तो मुलगा कोण होता गं?" डॅडनी विचारलं.

"क्लबातला होता."

बराच रस्ता गेला. बर्फ भुरभुरायला लागलं.

"थिया, सामान बांधत होता, तो मुलगा कोण?"

"गस. गस विंकलर, डॅड."

"हं." ते काचेबाहेर बघत राहिले. राज्याची हद्द जवळ आली तेव्हा ते पुन्हा वळले, तसेच, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखे. "तो तांबड्या जाकिटातला मुलगा... कोण होता?"

थोड्या वेळाने ते विसरणारच होते. त्यांना सांगितलं काय आणि न सांगितलं काय.

"माझं प्रेम आहे त्याच्यावर, डॅड," ती म्हणाली. मोठ्याने, पहिल्यांदाच.

कोचनी आपला मोठा, सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी सगळं अगदी लख्ख होतं.

"मग बाळा," त्यांनी विचारलं, "त्याला सोडून आपण चाललोय कुठे?"