ट्रॉलीच्या पलीकडून

यातला एकही शब्द रचलेला नाही. तारीख, वेळ पंचनाम्यातली आहे. बाकीचं तनुजानं सांगितलं, तसंच्या तसं.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे साडेचार. पैठण रोडला बिडकीनच्या पुढं, कालव्याकडेची वाट.

सोमनाथ ट्रॅक्टर चालवत होता. मागं रिकाम्या ट्रॉलीत त्याची बायको तनुजा आणि सहा वर्षांची श्रेया.

वाटेची कड खचली...

तनुजा ढेकळांत फेकली गेली. उठून पाहते तर ट्रॉली पालथी. खाली श्रेया.

आणि सगळे आवाज बंद झालेले. इंजिन, पाखरं, लेकीचं रडणं... काहीच नाही. फक्त स्वतःच्या काळजाचे ठोके.

तिनं ट्रॉलीच्या कडेला हात घातला.

हलेना.

तेवढ्यात पलीकडून...

"लाव की जोर! सकाळच्या भाकरी कुठं गेल्या?"

सोमनाथ. पोती उचलताना तो असंच चिडवायचा.

ट्रॉली वीतभर उठली. श्रेया सरपटत बाहेर आली. तनुजा तिला उचलून पळाली. मग वळून ओरडली, "अहो, चला!"

पलीकडं कुणीच नव्हतं.

सोमनाथ पुढं, ट्रॅक्टरखाली होता. छाती चेंगरलेली.

शहरातल्या दवाखान्यात कळलं, तिची दोन बोटं मोडली होती. तिला पत्ताही नव्हता.

"ॲड्रेनालिन," डॉक्टर म्हणाले. "जिवावर बेतलं की शरीर ते सोडतं. दुखणं कळत नाही, कान बंद होतात, नसलेलं बळ येतं. तो आवाज भास असेल."

दीर कडूबाही म्हणाला, "वैनी, दादा जागीच गेला. तुमी त्याला टाकून नाय पळाल्या. काढा मनातून."

तिला हेच ऐकायचं होतं. तिनं मानलंही.

तेराव्याच्या दुपारी श्रेया कुशीत शिरली.

"मम्मी, पप्पाचे हात लई थरथरत व्हते."

"कधी गं?"

"मी खाली व्हते तवा. फटीतून बोटं दिसली. तू मला घेऊन पळाली... 'सोडते' म्हनलीच नाय. ते धरूनच व्हते."

दोघांनी उचललेलं ओझं न सांगता कुणी सोडत नाही. शेतात हे पोरांनाही ठाऊक असतं.

पंचनाम्यात एक ओळ आहे. ट्रॉलीची पलीकडची कड जमिनीपासून वीतभर वर होती. टेकू कशाचा, ते लिहिलेलं नाही.

तनुजा दर रविवारी तिथं जाते. वाकते. तोंड उघडते...

"सोडा," एवढंच म्हणायचं असतं.

अजून म्हणवलेलं नाही.

"म्हनले," ती सांगते, "तर ते खरंच सोडतील."